साडेतीनचा भोंगा

मी एका जागी बसणारी बाई नाही. चौथीत असताना बाईंनी प्रगतिपुस्तकात ‘मुलगी हुशार पण चुळबुळी’ असा शेरा मारला होता, आणि आईने ‘यात नवीन काय सांगितलं’ म्हणत त्याखाली सही केली होती. पण गेली तीन वर्षं रोज दुपारी साडेतीनला मला जे होतं ती नुसती चुळबूळ नव्हे. आमच्या शेडच्या मागे एक मोठी कंपनी आहे. तिथे सेकंड शिफ्टचा भोंगा होतो आणि मी हातातलं काम टाकून उठते, दारापर्यंत जाते. बाहेर नेहमीचाच चाकणचा रस्ता असतो. कंटेनर खोळंबलेले, कंपन्यांच्या बसमधून माणसं उतरताहेत, टपरीवर चहा चाललाय. कुणी कुठे पळत नसतं. एवढं एकदा डोळ्यांनी पाहिलं की मी परत येऊन बसते. आमच्याकडे कामाला असलेल्या एका मुलीने सुरुवातीला विचारलं होतं, मॅडम, कुणी यायचंय का. मी तिच्यावर उगाच खेकसले. आता कुणी विचारत नाही.

भोंगे बनवणं हाच आमचा धंदा. बिलावर आम्ही ‘सायरन’ लिहितो, पण शेडमध्ये तो भोंगाच. डिप्लोमा करून मी इथे लागले त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. कर्णे बाहेरून येतात, मोटरी बाहेरून येतात. आम्ही पॅनेल बनवतो, वायरिंग करतो, जोडतो, वाजवून बघतो आणि पाठवतो. वाजवून बघण्याचं काम माझं. त्यात एक पथ्य आहे, पूर्ण आवाजात वाजवायचा नाही. नवीन असताना एकदा उत्साहाच्या भरात मी पावणेबाराला पूर्ण आवाजात वाजवला, तर शेजारच्या दोन वर्कशॉपमधली माणसं हात धुऊन, डबे उघडून बसली. त्यांचा सुपरवायझर भांडायला आला. आमच्या मालकांनी त्याला चहा पाजून परत पाठवला आणि मला एक गोणपाट आणून दिलं. तेव्हापासून कर्ण्यात गोणपाट कोंबूनच मी भोंगा वाजवते.

तसं भोंग्याचं मला लहानपणापासून नवल नाही. आजोबा जालन्याकडून आले, वडील पिंपरीत कंपनीत लागले, आणि आमचं सगळं घर त्या कंपनीच्या भोंग्यावर चालायचं. पहिल्या भोंग्याला आई कणीक मळायला घ्यायची, दुसऱ्याला डबा भरलेला असायचा. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते पाहुण्यांसाठी. सुट्टीच्या दिवशी भोंगा झाला नाही की वडिलांना करमत नसे, दोनदोनदा उठून अंगणात जाऊन यायचे. माझी चुळबूळ तिकडूनच आली असणार.

आमच्या शेडची एक रीत होती. गिऱ्हाईक म्हणजे कंपनी, आणि कंपनी म्हणजे शिफ्ट. त्यामुळे पॅनेल शेडमधून निघतानाच त्याच्या टायमरमध्ये शिफ्टच्या वेळा भरून ठेवायच्या. सकाळी सात, दुपारी साडेतीन, रात्री बारा. नाहीतर चार दिवसांनी फोन येतो, मॅडम, भोंगा लावला पण वाजत नाही, आणि एवढ्याशा कामासाठी भोसरीपर्यंत ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास घालवावे लागतात. पॅनेलच्या आत एक खटका असतो. वर केला की मॅन्युअल, म्हणजे बटण दाबाल तेव्हाच वाजणार. खाली केला की ऑटो, म्हणजे घड्याळावर आपोआप वाजणार. काम करताना खटका वर ठेवायचा, काम संपलं की खाली करायचा, मग दार लावायचं, मग चावी फिरवायची. खटका, दार, चावी. किती हजार वेळा केलं असेल कोण जाणे. फोन खांद्यात धरून करायचे, कुणाला तरी रागावता रागावता करायचे.

तीन वर्षांपूर्वी एका नगरपालिकेची ऑर्डर आली. देशाच्या पार दक्षिणेला, समुद्रातल्या एका छोट्या बेटावरची नगरपालिका. मालकांना आधी वाटलं, कुणीतरी आपली फिरकी घेतंय. मग पत्र नीट वाचलं. त्या बेटापुढे थोडा समुद्र आहे आणि त्याच्यापुढे दुसरा देश. हद्द पाण्यातून जाते आणि पाण्यावर तिची काहीच खूण नाही. मासळीच्या मागे होड्या पुढे पुढे सरकतात, आणि पलीकडची गस्तीची बोट आली की होडी, जाळं, माणसं, सगळं उचलून नेते. माणसं महिनोन्‌महिने तिकडच्या तुरुंगात राहतात. त्यासाठी त्यांना भोंगा हवा होता. गस्तीची बोट अलीकडे येताना दिसली किंवा वारा फिरला की होड्यांना परत बोलवायला. मोबाइल असताना भोंगा कशाला, असं मी विचारलं होतं. त्याचंही उत्तर पत्रात होतं. थोडं आत गेलं की मोबाइल पलीकडच्या देशाचं नेटवर्क पकडतो, नाहीतर काहीच पकडत नाही.

भोंगा बसवायला जाणाऱ्या आमच्या फिटरच्या बहिणीचं लग्न निघालं, म्हणून मी म्हटलं, मी जाते. घरी सांगितलं तर नवरा लगेच ‘जा’ म्हणाला. मी नसले की घर शांत असतं, हे त्याचं उघड मत आहे. दोन दिवस रेल्वे, मग बस, मग लाँच. लाँच बेटाला लागायच्या आधी माझा फोन वाजला. परदेशात तुमचं स्वागत आहे, असा मेसेज होता. मी तो स्क्रीनशॉट काढून मालकांना पाठवला आणि खाली लिहिलं, परदेश भत्ता तयार ठेवा.

जेटीवर पालिकेचा माणूस घ्यायला आला होता. साठीकडे झुकलेला, पांढरी लुंगी, कमरेला चाव्यांचा जुडगा. मी हिंदीची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तो म्हणाला, ‘या ताई. प्रवास लई लांबचा झाला ना?’

माझा पाय फळीवरून घसरता घसरता राहिला. त्याचे वडील देहूरोडला लष्करात नोकरीला होते. हा तिथेच जन्मला, तिथेच दहावी झाला, आणि वडील निवृत्त झाल्यावर सगळे आपल्या बेटावर परत आले. त्याला चाळीस वर्षं झाली होती. मधल्या काळात मराठी बोलायला त्याला कुणी मिळालंच नव्हतं, त्यामुळे एवढ्या वर्षांचं साठलेलं सगळं तो माझ्यावर रिकामं करत होता. देहूरोडचा बाजार अजून भरतो का. रावेतला नदीत पोहायला जायचो, तिथं आता काय आहे. ताथवड्याला तर नुसती शेतं होती. मी सांगितलं की ताथवड्यात आता इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत आणि वीस-वीस मजली इमारती आहेत, तर तो थांबून माझ्याकडे बघायला लागला. ‘काय सांगता राव,’ म्हणाला, आणि मी गंमत करत नाही ना, हे पुन्हा एकदा विचारून घेतलं. मी त्याला अण्णा म्हणायला लागले. त्याच्या भाषेतही ते चालतं आणि आपल्याही.

अण्णा पालिकेचा पंप चालवायचा आणि भोंगाही त्याच्याच ताब्यात होता. जुना भोंगा हाताने फिरवायचा होता. पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत तो कुलपात ठेवलेला असे आणि चावी अण्णाच्या कमरेला. किनाऱ्यावरच्या पोलीस चौकीतून फोन आला, किंवा टाकीवर चढून दुर्बिणीतून त्याला स्वतःला काही दिसलं, की तो वाजवायचा. दुसऱ्या कशासाठीही नाही. आग लागली तरी नाही, झेंडावंदनाला नाही, देवळातल्या उत्सवाला तर नाहीच. भोंगा झाला की होड्यांनी जाळं ओढत बसायचं नाही, कापून टाकायचं आणि परत फिरायचं. एक जाळं विणायला बायकांना महिने लागतात, तरी कापायचं. आणि इकडे बायकांनी चूल बंद करून जेटीवर यायचं आणि आपापली होडी येईपर्यंत उभं राहायचं. हे सगळं तो इतक्या गंभीरपणे सांगत होता की मला थोडं हसू आलं. आमच्याकडे दिवसाला पंचवीस भोंगे होतात आणि माणसं त्यातून बिडी पीत चालत असतात.

मग त्याने शेवटचं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी चौकीतून फोन आला तेव्हा जुना भोंगा खाऱ्या हवेने गंजून अडकला होता. अण्णाने हात सोलून निघेपर्यंत फिरवला, पण आवाज निघाला नाही. त्या दिवशी एक होडी गेली. त्या होडीत अण्णाचा मुलगा होता. पाच महिन्यांनी तो परत आला, तोवर इकडे त्याची मुलगी चालायला लागली होती. नवीन भोंग्यासाठी अण्णाने पालिकेत अर्जांमागून अर्ज केले. मुलगा पुन्हा समुद्रावर जायला लागला होता, पण बापाशी कामापुरतंच बोलायचा. ‘वाजला न्हाई,’ एवढंच अण्णा म्हणाला, आणि आपल्या हातांकडे बघत राहिला.

तेव्हा मला हसल्याची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून माझा स्वभाव थोडाच बदलतो. मला परतीची लाँच दिसत होती. ती एक दिवसाआड होती, दुपारी तीनला. ती चुकली तर दोन दिवस अडकणार. बेट एवढंसं, अर्ध्या तासात सगळं बघून झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कर्णे टाकीवर चढवले, खोलीत पॅनेल ठोकलं, वायरी ओढल्या. अण्णा हाताखाली होता. कर्ण्यात पोतं कोंबून वाजवून पाहिला. अण्णाने ते पोतं स्वतः दोन हातांनी दाबून धरलं होतं, जराही आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. बटण कसं दाबायचं ते त्याला दाखवलं. अडीच वाजले होते. तो विचारत होता, देहूरोडच्या त्या शाळेसमोर वडापावची गाडी लागायची, ती आहे का अजून. मी बॅग भरत होते, घड्याळ बघत होते, आणि हो हो म्हणत होते. बोलता बोलता खटका, दार, चावी. चावी त्याच्या हातात दिली आणि लाँचकडे पळाले.

लाँच सुटली. बेट मागे राहिलं, मला जरा बरं वाटलं. मी शेंगा खात बसले होते. मागून भोंगा झाला.

आता मी जे सांगते ते मला अजून स्वतःलाच खरं वाटत नाही. भोंगा ऐकून मला काहीही झालं नाही. मी घड्याळ बघितलं, साडेतीन, आणि मनात म्हटलं, सेकंड शिफ्ट. पुढची शेंग फोडली. इतका तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मग लाँचमधली सगळी माणसं उभी राहिली. एका म्हातारीने कपाळावर हात मारला. लाँचवाल्याने कुणाला काही न विचारता लाँच वळवली. माझा हात मला दिसला, खटका खाली करताना.

दूरवर पाण्यावर ठिपके होते. ते एकेक करून वळायला लागले.

आम्ही पोचेपर्यंत जेटी बायकांनी भरली होती. कुणी रडत नव्हतं, ओरडत नव्हतं. पदर खोचलेल्या, पीठ लागलेल्या हातांच्या बायका नुसत्या समुद्राकडे बघत उभ्या होत्या. मी अण्णाला शोधायला लागले. तो जेटीच्या टोकाला उभा होता आणि आल्या होडीवाल्यांशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलत होता. होड्या येत होत्या. बहुतेकांची जाळी भोंग्याआधीच ओढून झाली होती, तिघांनी कापली होती. सगळ्यांत शेवटी जी होडी आली तिच्यातून एक दणकट तरुण उतरला. बायकांमधून एक पोरसवदा बाई कडेवरच्या मुलीसकट त्याच्याकडे गेली, म्हणून तो कोण ते मला कळलं. अण्णा त्याच्याशीही तेच बोलला. त्याने ऐकून घेतलं. मग कापलेल्या दोराचं टोक बापाच्या पायाजवळ टाकलं आणि घराकडे चालायला लागला. त्याची होडी सगळ्यांत दूर होती, हद्दीच्या जवळ. जाळं कापलं नसतं तर त्याला वेळ लागला असता. त्याने भोंगा ऐकला आणि कापलं.

मी अण्णाचा दंड धरून त्याला टाकीखालच्या खोलीत नेलं. पॅनेलचं दार उघडून टायमर मुळापासून काढला, वायरी नुसत्या ओढून तोडल्या. मी त्याला सगळं सांगितलं. शिफ्टच्या वेळा, खटका, सवय. तो शांतपणे ऐकत होता. खोलीला कुलूप आणि चावी आपल्या कमरेला, तरी भोंगा होतोय, हे पाहिलं तेव्हाच त्याला कळलं होतं की यंत्र आपोआप वाजतंय.

‘चला, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगते,’ मी म्हटलं. ‘चूक माझी आहे. तुम्ही त्यांच्या भाषेत सांगा फक्त.’

‘मी सांगितलं, ताई.’

‘काय सांगितलं?’

‘मीच वाजवला म्हणून. मला वाटलं पलीकडची बोट आली. डोळ्यांनी फसवलं.’

मला संताप आला. माझी चूक मला न विचारता याने स्वतःच्या नावावर लावून घेतली होती. मी आयुष्यात कधी कुणाच्या मागे लपले नव्हते. वडिलांच्या तोंडावर बोलले, मालकांच्या तोंडावर बोलले, स्वतःची चूक असेल तर ती सगळ्यांत आधी मीच ओरडून सांगते. मी दाराकडे निघाले. अण्णा दारात उभा राहिला.

‘तुम्ही काय सांगणार? भोंगा आपोआप वाजला?’

‘खरं आहे ते.’

‘मग पुढच्या टायमाला वाजला की पाण्यावर काय बोलतील, माहिताय? आपोआप वाजला असंल. आणि बसतील जाळं ओढत.’ त्याने कमरेची चावी काढून माझ्यासमोर धरली. ‘माझ्या डोळ्यांवर विश्वास न्हाई राहिला तर चावी दुसऱ्याला देतील. भोंगा हाच राहणार. दुसरा मिळायचा न्हाई, ताई.’

मी म्हटलं, निदान मुलाला तरी सांगा. तो मान हलवत राहिला. मुलगा म्हणजे एक माणूस नव्हे, त्याच्या होडीत चार माणसं, त्या चौघांची घरं, आणि घरं म्हणजे सगळं बेट.

त्या दिवशी लाँच पुन्हा सुटली नाही, पुढची दोन दिवसांनी होती. ते दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. अण्णाच्या घरी उतरले होते, तिथेच राहिले. मुलगा शेजारच्याच खोलीत बायकोमुलीसह राहायचा. समोरून गेला की मला वणक्कम करायचा, लांबून आलेली पाहुणी म्हणून. सून पहाटे उठून माझ्यासाठी इडल्या लावायची. दुसऱ्या दिवशी होड्या पुन्हा गेल्या आणि कापलेली दोन जाळी तरंगताना सापडली, फाटकी. तिसरं, मुलाचं, हद्दीपलीकडे वाहून गेलं होतं. दिसत होतं म्हणे, जाळ्याचे पांढरे गोळे तरंगताना दिसत होते. जाऊन आणता येत नव्हतं.

मी बायकांमध्ये जाऊन बसले. सुनेने मला गाठ मारायला शिकवलं. मी, जिला घरी शर्टाचं बटण लावायला बसवत नाही, ती लाँच सुटेपर्यंत एका जागी बसून फाटकी जाळी सांधत होते. बायका माझं कौतुक करत होत्या. कुणीतरी माझ्या केसांत मोगऱ्याचा गजरा माळला. त्यांच्या बोलण्यात मधूनमधून अण्णाचा उल्लेख यायचा. शब्द कळत नव्हते, पण डोळ्यांसमोर बोटं हलवून एकीने खूण केली आणि बाकीच्या हसल्या. म्हातारा आता आंधळा झाला. सून हसली नाही, तिने खाली बघत पुढची गाठ ओढली. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि मी गाठी मारत होते.

निघताना अण्णा जेटीवर आला होता. चाव्यांचा जुडगा कमरेला होता, पण हलका झाला होता. भोंग्याची चावी पालिकेने आदल्या दिवशी एका तरुण कारकुनाकडे दिली होती. अण्णा मला म्हणाला, त्या वडापावच्या गाडीचं बघून कळवा. मी लाँचमध्ये बसले आणि बेट दिसेनासं होईपर्यंत रडले. शेजारच्या माणसाने मला पाण्याची बाटली दिली.

चाकणला आल्यावर मी मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, हे लेखी नको. मी म्हटलं, मला पण नको. त्या दिवसापासून आमच्या शेडमधून एकही टायमर भरून जात नाही. रिकामा जातो, आणि खटक्यावर मी लाल चिकटपट्टी लावते. कंपन्यांचे फोन येतात, मॅडम, भोंगा वाजत नाही. मी ट्रॅफिकमधून जाते आणि त्यांच्यासमोर वेळा भरते. मालक कुरकुर करतात, पण बंद करा असं म्हणालेले नाहीत.

देहूरोडला जाऊन मी गाडी शोधली. ती गाडी गेली, आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. पण त्या गाडीवाल्याचा मुलगा पुढच्या चौकात वडापाव विकतो. त्याचा फोटो काढून अण्णाला पाठवला. मग आमचं दर रविवारी फोनवर बोलणं सुरू झालं. सुरुवातीची दोन मिनिटं देहूरोड. मग मी विचारायचे, मुलगा बोलतो का. बोलतो की, कामापुरतं. मग मी म्हणायचे, अण्णा, सांगून टाका आता. मग तो म्हणायचा, अजून एकदाही खरा वाजला न्हाई. वाजू दे एकदा.

तीन वर्षं तो वाजला नाही. होड्या सांभाळून राहत होत्या, वाराही नीट होता. मला काय वाटत होतं ते सांगायची सोय नव्हती. लोक संकट येऊ नये म्हणून प्रार्थना करतात आणि मी मनात म्हणत होते, एकदा वाजू दे. मग स्वतःचाच राग यायचा आणि उठून शेडमध्ये फेऱ्या मारायचे. कारण वाजल्यावर काय होईल, हे कुणालाच माहीत नव्हतं. एकदा फसवलेल्या आवाजाला माणसं पुन्हा ऐकतील का? अण्णाने आपली सगळी इभ्रत त्यावरच पणाला लावली होती.

गेल्या महिन्यात, रविवार नसताना, दुपारी अण्णाचा फोन आला. मी एका पॅनेलचं वायरिंग करत होते. त्याच्या मागे माणसांचा गलका होता, वारा होता.

‘वाजला, ताई,’ तो म्हणाला. ‘चौकीतनं फोन आला. त्या कारकून पोराने वाजवला, चावीवाल्याने. सगळे आले.’

‘सगळे?’

‘सगळे. पलीकडची बोट पार जवळ आली होती. रिकामी गेली.’

‘तुमचा मुलगा?’

‘पहिला आला. नवीन जाळं कापून आला.’

मी खाली बसले. जमिनीवरच बसले, वायरींच्या तुकड्यांत. मग विचारलं, काही बोलला का तुमच्याशी.

‘बोलला की. उतरला आणि मला म्हणाला, अप्पा, ह्या वेळेस वाजवणारा शहाणा आहे.’

आणि अण्णा हसायला लागला. मनापासून हसत होता, मला फोनवर ऐकू येत होतं. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, अण्णा, आता तरी सांगा, आता भोंग्यावर सगळ्यांचा विश्वास बसला. तो म्हणाला, विश्वास होताच ताई, म्हणून तर आले. आता सांगून तो कशाला हलवायचा? मुलगा आला ना परत.

म्हणून मी हे सगळं लिहिलं आहे, पण त्यात कुणाचं नाव लिहिलेलं नाही, बेटाचंही नाही. एवढी एकच गोष्ट अशी आहे की ती माझी असून मला ओरडून सांगता येत नाही. आजही मागच्या कंपनीचा साडेतीनचा भोंगा झाला आणि मी उठून दारापर्यंत गेले. शिफ्टची माणसं आत जात होती. ती सगळी आत जाईपर्यंत मी तिथे उभी राहिले.